मोठं पातेलं, लहान पातेलं

मिसळ घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुरणपोळी हॉटेलात मागवू नये. या दोन वाक्यांवरून आमच्या नात्यागोत्यात पुष्कळ वाद झाले, एकदोघींनी तोंडं वाकडी केली, तरी मी हटलेली नाही. तिखटासाठी घराबाहेर पडावं आणि गोडासाठी घरी परत यावं, हा माझा खाण्यातला नियम. काहींना ती चैन वाटते, काहींना निव्वळ आळस. पण हा नियम मी खाऊनपिऊन, रांधून आणि बऱ्याच भटारखान्यांत डोकावून केला आहे. त्याचं मूळ आहे ते भांड्याच्या मापात.

आधी मिसळ घ्या. जुन्या मिसळवाल्याकडे सकाळी लवकर गेलात आणि भटारखान्याच्या दाराजवळचं टेबल मिळालं तर ते सोडू नका. लोक तिथे बसायला नाखूश असतात, कारण धूर येतो आणि पोऱ्यांची ये-जा असते. पण पातेलं तिथूनच दिसतं. कटाचं ते पातेलं दोघांनी मिळून उचलावं एवढं असतं. कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण भाजून केलेलं वाटण पहाटेच तेलात परतलेलं असतं. गिऱ्हाइकं येईपर्यंत ते मंद आचेवर रटरटत राहतं आणि हळूहळू तेल वर येऊन तर्री धरतं. वाढणारा माणूस डाव कसा घालतो, ते बघण्यासारखं असतं. ‘तिखट’ म्हणणाऱ्यासाठी तो डाव वरच्या वर आडवा फिरवतो, वाटीत नुसती लाल तर्री. ‘मीडियम’ म्हणणाऱ्यासाठी डावाच्या पाठीने तर्री बाजूला सारतो आणि खालून रस्सा घेतो. शाळेतलं पोर बरोबर असेल तर डाव थेट तळाला जातो, मटकीसकट. एका पातेल्यात तीन मजल्यांच्या तीन चवी असतात आणि माणूस बघून मजला ठरतो.

घरी चौघांसाठी केलेल्या कटाला हे मजले येत नाहीत. तर्री येते, पण वेगळी काढावी एवढी येत नाही. शिवाय घरातल्या बाईचा हात तेल ओतताना कचरतो. उरलेलं कोण खाणार, कोणाचं कोलेस्टेरॉल किती, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. मिसळवाल्याच्या डोक्यात फक्त मिसळ असते. म्हणून कोल्हापूरची झणझणीत मिसळ कोल्हापुरात खावी आणि पुण्याच्या नारायण पेठेत बेडेकरांकडची सौम्य, किंचित गोडसर मिसळ तिथेच, स्लाइस ब्रेड मोडून खावी. दोघांचे चाहते एकमेकांच्या मिसळीला मिसळ मानत नाहीत. माझी मात्र दोन्हीकडे ऊठबस आहे.

डोशाचंही तेच. माटुंग्याला रामाश्रय किंवा कॅफे मद्रासमध्ये सकाळी जो डोसा मिळतो, तो माझ्या तव्यावर का होत नाही, याचं मला फार दिवस कोडं होतं. पीठ तसंच आंबवून पाहिलं, उडीद-तांदळाचं प्रमाण बदलून पाहिलं. मग एकदा डोसे घालणाऱ्याचा तवा नीट पाहिला. जाडजूड लोखंडाची ती लांबरुंद लादी दिवसभर तापलेली असते. तो तिच्यावर पाणी शिंपडतो, झाडूने पुसतो आणि लगेच डावभर पीठ गोल फिरवतो. एवढ्या लोखंडाला त्या डावभर पिठाचं काय कौतुक! तापमान फारसं उतरतच नाही, आणि डोसा चहूकडून एकसारखा खरपूस होतो. माझा तवा बिचारा थंड पीठ पडल्याबरोबर गार होतो, आणि पुन्हा तापेपर्यंत डोसा घावन होऊन बसतो. घावन ही चांगली गोष्ट आहे, पण ती चटणीबरोबर खायची. तिला डोसा म्हणून सांबारात बुडवू नये.

माशांच्या खानावळीत हिशोब वेगळा, पण निष्कर्ष तोच. चांगल्या मालवणी खानावळीत दुपारी एकच्या सुमाराला जा. कालवणाच्या टोपात सकाळपासून कित्येक तुकडे आणि डोकी शिजून गेलेली असतात. त्या सगळ्यांचा अर्क तुमच्या वाटीभर रश्शात उतरलेला असतो. दोन माणसांसाठी आणलेल्या एका पापलेटाने किती म्हणून झटावं? आणि खानावळीत माल खपतो, म्हणून तो रोज ताजा येतो. फळ्यावर ‘बांगडा संपला’ असं खडूने लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं आणि विश्वासही वाटतो. ज्या हॉटेलात कधीच काही संपत नाही, तिथे मासे खाऊ नयेत.

थोडक्यात, काही पदार्थांना माणसांच्या गर्दीची चव लागते. सतत आच, सतत उपसा आणि रोज तेच करणारे हात यांनी ते पदार्थ सुधारतात. त्यांना मोठं पातेलं लागतं.

या मोठ्या पातेल्याचा इतिहासही माझ्या आवडीचा आहे, कारण तो साध्या भुकेचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष बिऱ्हाड गावी ठेवून गाळ्यांत राहायचे. त्यांना दोन वेळा जेवायला घालणाऱ्या खानावळी चालवल्या त्या गिरणगावातल्या बायकांनी, आपापल्या खोल्यांतून. महिन्याचा हिशोब ठरलेला असायचा. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या हाताखालून त्या सुटल्या आणि बँकेचं कर्ज त्यांच्या नावावर मिळू लागलं. ज्या स्वयंपाकाला घरात कोणी काम म्हणत नव्हतं, त्याचं ताटामागे मोल ठरलं, आणि बँकेच्या कागदावर त्या बायका व्यावसायिक झाल्या.

आणखी एक गोष्ट मोठ्या पातेल्याने केली, जी घरच्या स्वयंपाकघराला जमली नव्हती. कोण कोणाच्या हातचं खातो, कोण कोणाच्या पंगतीला बसतो, यावर आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या पहारा होता. हॉटेलंही सुरुवातीला त्यातून सुटली नव्हती. पाट्यांवर जात लिहिलेली असायची, आणि दलितांचा चहाचा कप कित्येक ठिकाणी वेगळा, दाराबाहेर ठेवलेला असायचा. तो पहारा एका दिवसात उठला नाही, काही ठिकाणी अजूनही पुरता उठलेला नाही. पण गर्दीच्या वेळी समोरच्या खुर्चीवर येऊन बसणाऱ्या अनोळखी माणसाला ‘आडनाव काय’ असं न विचारता शेवेची बरणी सरकवायची सवय शहरांना लागली, ती हॉटेलांतच. घरच्या पंगतीला ते शिकायला जास्त वेळ लागला.

आता लहान पातेल्याकडे येऊ.

दादरचं मामा काणे उपाहारगृह सुरू झालं 1910 मध्ये, आणि त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक निघालं. मला हा योगायोग आवडतो. बाहेर जेवणारा मराठी माणूस आणि पुस्तक उघडून घरी रांधणारी मराठी बाई शेजारी शेजारीच वाढले. पुढे 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि लग्नात रुखवताबरोबर देण्याइतकी घराघरांत गेली. ‘रुचिरा’तलं प्रमाण वाट्यांत आणि चमच्यांत आहे. एक वाटी अमुक, दोन वाट्या तमुक. नवख्या मुलीलाही कळावं म्हणून ते तसं होतं. मला त्यात आणखी एक शहाणपण दिसतं. घरचं गोड वाटीच्याच मापाचं असतं. त्याचं किलोचं माप केलं की ते बिघडतं.

पुरणाचंच बघा. हरभऱ्याची डाळ आधी मऊ शिजली पाहिजे, बोटाने दाबली की पीठ व्हावी अशी. घाईने गूळ आधी घातलात तर डाळ पुढे शिजतच नाही, कितीही शिट्ट्या करा. डाळ शिजली की कट निथळून आमटीसाठी बाजूला, आणि मग गूळ. गूळ पडला की घट्ट झालेली डाळ पुन्हा सैल होते, आणि इथून पुढे पातेल्यापाशी उभं राहावं लागतं. पुरण शिजताना उडतं. त्याचा चटका तेलाच्या थेंबापेक्षा वाईट, कारण ते कातडीला चिकटून राहतं. आमच्या आजीच्या मनगटावर त्याचे डाग होते, आईच्या होते, आता माझ्या आहेत. हळूहळू बुडबुडे जड होतात, आवाज बदलतो, फसफस जाऊन धपधप येते. डाव मध्ये उभा केला आणि पडला नाही की आच बंद. मग जायफळ-वेलची, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, कारण थंड पुरण यंत्र फिरू देत नाही.

यातली आवाज बदलण्याची जागा मिनिटा-दोन मिनिटांची असते. अलीकडे आच बंद केली तर पोळी फुटते, पलीकडे गेली तर पुरण कोरडं होऊन कडेला पोचत नाही. दोन वाट्या डाळीचं पातेलं असेल तर ती जागा सापडते. मोठ्या घाण्यात ती सापडणं फार कठीण. तळाशी लागत असतं तेव्हा वर पातळ असतं. म्हणून मोठे घाणे काढणारे सुरक्षित बाजूला राहतात, पुरण जरा जास्तच आटवतात आणि वर पोळीची कणीक जाड ठेवतात. खाणाऱ्याला गोड चपाती मिळते. घरी सैलसर, तेलावर तिंबून तिंबून लोण्यासारखी केलेली कणीक असते आणि तिच्या दुप्पट पुरण आत कोंबलेलं असतं. विदर्भात तर पोळी आकाराने लहान आणि पोटाने एवढी मोठी करतात की तुपाची वाटी शेजारी ठेवूनच तिला हात लावावा लागतो.

उकडीचे मोदक तर घड्याळावर चालतात. तांदळाच्या पिठाला कणकेसारखा स्वतःचा चिवटपणा नसतो. उकळत्या पाण्यात उकड काढून, चटके सोसत गरम असतानाच मळून, तो आणावा लागतो. त्या मऊपणाचं आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं. मोदक थंड झाला की पारी कडक होऊ लागते, तासाभराने कळ्या तडकतात. चतुर्थीला ऑर्डरचे मोदक डब्यातून येतात. दिसायला सुंदर असतात, प्रत्येकाच्या कळ्या मोजून सारख्या. पण ते दुसऱ्यांदा वाफवून खायचे असतात आणि दुसऱ्या वाफेला पहिलीची सर येत नाही. घरी वाफ सोडून झाकण काढलं, हळदीच्या पानाचा वास नाकाशी आला, मोदकाचं नाक मोडून आत तूप सोडलं आणि तो तोंडात गेला, यात पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही. एवढ्या थोड्या वेळात दुकान काही विकू शकत नाही.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते नियमालाच धरून आहेत. जिलबी मी घरी करत नाही. ती रुंद कढईत, सरावलेल्या हाताने, तुपातून थेट पाकात पडायला हवी, आणि सोबत मठ्ठा हवा. बासुंदी नरसोबाच्या वाडीला खावी. तिथे मोठमोठ्या कढयांतून दूध आटतं आणि सायीचे थर आतच मोडत राहतात. घरच्या गॅसवर दोन लिटर दूध आटवताना दूध आटतं थोडं आणि माणूस जास्त. म्हणजे गोडातही ज्याला मोठं भांडं मानवतं ते बाहेरच चांगलं. आणि खरवसाला तर भांड्याचा प्रश्नच नाही, ओळखीचा प्रश्न आहे. नुकत्या व्यायलेल्या गाईम्हशीचा चीक हाती लागला की गूळ, वेलची घालून वाफवायचा, तो आपला आपण थिजतो. त्यासाठी चायनाग्रास लागत नाही. ज्याला चायनाग्रास लागतं तो खरवस नव्हे, पण शहरात गवळी ओळखीचा असणारे आता किती उरले?

इथवर सगळं भांड्यांचं झालं. पण मला खरं म्हणायचं आहे ते पुढे आहे, आणि ते मला हॉटेलातच सुचलं.

जुन्या इराण्यांकडे आणि उडप्यांकडे ‘फॅमिली रूम’ असायची. पडदा लावलेल्या खोप्या किंवा लाकडी जिन्याने वर गेलं की माळ्यावरची चार टेबलं. बायकांना खाली गल्ल्याजवळ बसणं प्रशस्त वाटत नसे, म्हणून ही सोय. आई सांगायची, लग्नानंतर वडिलांनी तिला पहिल्यांदा अशा खोलीत नेऊन मसाला डोसा मागवला. तिच्या लक्षात राहिला तो डोशाचा चटका. जिभेला चटका बसेल इतकं गरम अन्न तिने त्याआधी बसून खाल्लंच नव्हतं. माहेरी मोठी मुलगी, सासरी थोरली सून. दोन्हीकडे ती तव्यापाशी उभी आणि बाकीचे पाटावर. तव्यावरची पोळी तिच्या हातून ताटात जायची आणि तिच्या वाट्याला शेवटी दुरडीत दमट झालेली उरायची. त्या दिवशी कोणीतरी तिसऱ्याच माणसाने तिच्यासाठी काही तव्यावर घातलं, आणि उठून दुसऱ्या कोणाला काही हवं का हे तिला विचारावं लागलं नाही. ‘तुझं आधी थंड होतंय, खा’ असं वडील म्हणाले, ते तिला डोशाहून आवडलं होतं.

तेव्हापासून मी ‘घरच्या जेवणाची सर हॉटेलला नाही’ हे वाक्य ऐकलं की म्हणणाऱ्याकडे बघते. बहुतेक वेळा तो ताटावर बसलेला असतो. घरचं गोड गरम खाण्यात सुख आहे, हे मी वर सगळं लिहिलंच आहे. पण मोदकाचं ते पाच मिनिटांचं आयुष्य ज्या घरात कोणाच्या तरी वाट्याला येतं, त्या घरात कोणाच्या तरी वाट्याला येतही नाही, आणि ज्या व्यक्तीच्या वाट्याला ते येत नाही ती बहुधा मोदक करणारीच असते. तिचा पहिला घास पाचव्या घाण्यानंतरचा. तोवर तिची भूक वासाने मेलेली असते. मग ती म्हणते, मला काही गोड फारसं आवडत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी आया गोड न आवडणाऱ्या कशा निघाल्या, याचा कोणी खवय्याने विचार केला आहे का?

आमच्या घरी आता एक रीत पडली आहे. नैवेद्याची पोळी देवापुढे गेली की दुसरी पोळी तवा सांभाळणाऱ्याची. बाकीच्यांनी थांबायचं. पहिल्या वर्षी सासूबाईंना ते अवघड गेलं. पाहुणे ताटावर असताना सुनेने तव्यापाशी उभ्याउभ्या पोळी खायची म्हणजे काय! मी त्यांनाच लाटायला बसवलं आणि तव्यावरून उतरलेली पोळी तूप सोडून त्यांच्या हातात दिली. ‘गरम आहे गं फार,’ म्हणाल्या आणि खाऊन टाकली. पुढच्या होळीला त्या स्वतःच माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘तू लाट आता, बघू तुझी कशी होते.’ त्याची पोळी नकाशासारखी झाली, पुरण दोन जागी बाहेर आलं, पण दुसरी पोळी खाण्याचा मान त्याचा होता आणि तो त्याने मिशीला तूप लागेपर्यंत उपभोगला. आता घरात तवा सांभाळायला रांग लागते, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण माणूस मिळतो.

खाण्याच्या आवडीबद्दल लोक बोलतात तेव्हा बरंचसं बोलणं कुठे काय मिळतं यावर असतं. मीही बोलते. कोणी सांगितलं की अमुक गल्लीत भाकरी चुलीवर मिळते, तर मी वाट वाकडी करून जाते. पण हॉटेलचा व्यवहार सरळ आहे. गरम घास तिथे विकत मिळतो, करणाऱ्याला त्याचा पगार असतो, आणि बिल चुकवून आपण मोकळे होतो. तिथे मी कमीपणा न वाटता बसून खाते आणि पोऱ्याला वर चार पैसे ठेवून उठते. घरच्या गोडाला बिल येत नाही. म्हणून तिथे पाळी लागते.

तेव्हा माझा नियम मी थोडा वाढवला आहे. तिखट बाहेर, गोड घरी, हे कायम. पण ज्याला पुरणपोळी गरमच लागते, त्याने आधी एक तरी लाटावी. तेवढं जमत नसेल तर त्याने सरळ मिसळ खायला जावं. पत्ता मी देते.